लटारूच्या रेडिओतली घुंई

गुणवंतराव पोस्टमास्तर १९५५ सालच्या चैत्रात वर्ध्याहून आरमोरीला बदलून आले आणि तिसऱ्याच दिवशी लटारू मेकॅनिकच्या कमरेखालच्या भागाशी त्यांची ओळख झाली. कमरेवरचा भाग रेडिओत होता.

हा रेडिओ केवढा होता याबद्दल गुणवंतराव पुढे आयुष्यभर जे सांगत आले, त्यात दर वर्षी वीतभर भर पडत गेली. निवृत्तीच्या सुमाराला तो एवढा झाला होता की चार माणसांचं बिऱ्हाड त्यात सुखाने राहिलं असतं आणि वर पाहुणा आला तर त्याला बॅटरीच्या कप्प्यात अंथरूण घालता आलं असतं. खरं पाहता ते छातीइतक्या उंचीचं एक सागाचं कपाट होतं. त्याची मागची फळी काढलेली होती आणि तिथून एक धोतर व दोन काळे पाय बाहेर आले होते.

गुणवंतराव आले होते कायद्याच्या कामाला. त्या काळी रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे, आणि आरमोरीत एक बिनलायसनी रेडिओ बोलतो आहे अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि सरकारी आवाजात विचारलं, "हा रेडिओ कोणाचा?"

"सायबाचा," रेडिओतून आवाज आला. सागाच्या पोकळीतून आल्यामुळे तो एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा वाटला.

"कुठल्या साहेबाचा?"

"गेला तो विलायतेले."

"मग आपण कोण?"

"मी अंदर आहो."

आजवर रेडिओने गुणवंतरावांना पुष्कळ काही सांगितलं होतं, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरं कधी दिली नव्हती. त्यांनी नकळत टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात रेडिओ जरा अजिजीने म्हणाला, "भाऊ, जो कोनी असान तो, उजव्या पायावर मुंगळा चढून राह्यला. तेवढा झटका जी. माहे दोनी हात गुतले आहेत."

आणि भारत सरकारचा पोस्टमास्तर अंगणात गुडघे टेकून बसला आणि ज्या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याच्या पायावरचा मुंगळा त्याने झटकला. लायसनचा विषय त्यानंतर पूर्वीच्या दराऱ्याने निघू शकला नाही.

थोड्या वेळाने बाहेर आला तो पन्नाशीचा, बारका, भुवया जळालेला माणूस. भुवया जळण्याचं कारण गॅसबत्ती. लटारूचा खरा धंदा गॅसबत्तीचा. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव दंडारी आणि नाटकं सुरू होत, आणि त्या नाटकांतल्या सगळ्या राजांचे मुकुट, राण्यांचे शालू आणि राक्षसांच्या जिभा ज्या उजेडात दिसत तो लटारूचा असे. बत्तीत हवा मारता मारता ती डोळ्यांदेखत भडकायची सवय त्याला एवढी जडली होती की भुवया आल्याच तर आरशात त्याला परका माणूस दिसे.

बत्तीच्या जोडीला तो घड्याळं, शिवणयंत्रं, पेट्या आणि माजी मालगुजार भैयाजींची बंदूकही दुरुस्त करी. यंत्रशास्त्रातले त्याचे सिद्धांत दोनच होते. एक, जगातलं कोणतंही यंत्र गॅसबत्तीच्या नात्यातलंच असतं, म्हणजे त्यात कचरा अडकलेला असतो किंवा वायसर गेलेला असतो. दोन, यंत्राचा हरवलेला भाग नागपूरला मिळो न मिळो, जंगलात मिळतोच. नाटक कंपनीच्या पेटीचा भाता त्याने मेणाने बुजवला होता. शाळेच्या घड्याळात बांबूची खीळ बसवली होती. ती पावसाळ्यात फुगे आणि उन्हाळ्यात आक्रसे, त्यामुळे आरमोरीची शाळा आषाढात उशिरा सुटे आणि वैशाखात लवकर. दोन्हीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

रेडिओही असाच त्याच्याकडे आला. जंगल खात्याचा एक गोरा साहेब सत्तेचाळीस साली निघून गेला तेव्हा बंगल्यात हे धूड ठेवून गेला. गावात वीज नव्हती. साहेब ते मोटारीच्या बॅटरीवर वाजवी. साहेब गेल्यावर चार वर्षं त्यात उंदरांनी संसार केले. मग खानसाम्याने बंगल्याच्या बत्त्या दुरुस्त करून घेण्याच्या बदल्यात ते लटारूच्या बैलगाडीवर चढवून दिलं. लटारूने तीन वर्षं त्याची सेवा केली. वायरी बदलल्या, नागपूरहून आतले काचेचे दिवे आणवले. शेवटी राहिला भोंगा, म्हणजे आवाज बाहेर टाकणारा कागदी कर्णा. भोंग्याचा कागद उंदरांनी चांगला तळहाताएवढा खाल्ला होता. तसला कागद नागपुरात नव्हता, मुंबईत असेल म्हणत. लटारू मुंबईला गेला नाही. त्याची बायको सुगंधाबाई घरी विड्या वळायची. तिच्या सुपातून त्याने एक लुसलुशीत भिजवलेलं तेंदूपान उचललं आणि पळसाच्या लाखेने ते कागदाला मागून ठिगळासारखं चिकटवलं. हा श्रावण महिना. दुसऱ्या दिवशी रेडिओतून नागपूरच्या कापसाचे भाव स्वच्छ ऐकू आले, आणि ज्या गावात धान सोडून काही पिकत नाही त्या गावाने ते भाव उभं राहून ऐकले.

त्या पानाची लटारूला भारी ऐट होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो रेडिओ मागून उघडून दाखवी. "बाकी सगडं विलायतचं," तो म्हणे, "हे एक आपल्या जंगलाचं."

पावसाळा, हिवाळा बरा गेला. फाल्गुनात घुंई सुरू झाली.

बातम्या देणारा पुरुष बोलला की आवाज झऱ्यासारखा. पण बाई गायला लागली आणि तिचा सूर जरा वर चढला की आतून बारीकसा "घुंईऽऽ" निघे, जणू गाणाऱ्या बाईच्या नथीत भुंगा शिरला आहे. बाई थांबली की भुंगा थांबे. गुणवंतराव त्या मुंगळ्याच्या दिवशी ओसरीवर बसले, चहा प्याले, एक बाईचं गाणं भुंग्यासकट ऐकलं आणि मग चाचरत लायसनबद्दल बोलले. लटारूचं म्हणणं असं पडलं की लायसन रेडिओचं असतं, आणि हा अजून पुरता रेडिओ झालेला नाही. घुंई जाऊ दे, मग लायसन काढू. गुणवंतरावांनी नियम सांगितला की वाजो न वाजो, ठेवला की लायसन. अर्ज त्यांनी तिथेच भरला. मात्र अर्ज भरता भरता त्यांनी दोनदा रेडिओत डोकावून पाहिलं. तेव्हापासून पोस्ट बंद झालं की पोस्टमास्तर कुठे सापडतील हे सगळ्या गावाला माहीत झालं.

एवढ्यावर ही गोष्ट दोन प्रौढ माणसांचा खेळ म्हणून राहिली असती. पण एप्रिलच्या शेवटी नागपूरहून कार्ड आलं.

कार्ड लटारूच्या एकुलत्या एक मुलीचं, चंदाचं. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, नवरा नागपूरला गिरणीत होता. दोन वर्षांत तिचं येणं झालं नव्हतं. आधी बाळंतपण, मग सासूचं आजारपण. सुगंधाबाईला वाचता येत नव्हतं आणि लटारूला फक्त आकडे येत, म्हणून गुणवंतरावांनी ओसरीवर बसून कार्ड वाचलं. चंदाच्या महिला भजन मंडळाला रेडिओवर बोलावलं होतं. अठरा मे, संध्याकाळी साडेसहा, गावकऱ्यांच्या कार्यक्रमात. गौळण चंदाने म्हणायची, बाकीच्यांनी मागे धरायचं. खाली लिहिलं होतं की आमच्या वस्तीत रेडिओ नाही, म्हणून मी कशी म्हटली ते तुम्हीच मला कळवा. आईला नक्की ऐकवा.

लटारूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते बत्तीच्या धुराच्या नावावर खपवलं. पण बत्ती पेटलेली नव्हती.

सुगंधाबाई मांडीवरच्या सुपात पानं कापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "मास्तर, अठरा तारखेले किती दिवस आहेत जी?"

"तेवीस."

"बाई गायली का घुंई करते ना तो?"

गुणवंतरावांनी कार्ड उलटून पाहिलं.

"मले लेकीचा आवाज आयकाचा आहे," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "भुंग्याचा नाई."

एवढंच. ती बाई भांडली असती तर लटारूला सोपं गेलं असतं. भांडणात तो तीस वर्षं तयार झालेला होता. तिने पुन्हा विड्या वळायला घेतल्या आणि लटारूच्या जेवणाची चव गेली.

सरळ नागपूरला जाऊन का ऐकू नये, असा विचार गुणवंतरावांनी मांडून पाहिला. वडशापर्यंत लॉरी, तिथून छोटी आगगाडी, दुसऱ्या दिवशी नागपूर. लटारूने खुलासा केला की तिथे ती बंद खोलीत गाणार आणि आपण रस्त्यावर उभे राहणार. लेक भिंतीपलीकडे असली तर नागपूर काय अन् आरमोरी काय, रेडिओशिवाय ऐकू येत नाही.

मग शोध सुरू झाला.

लटारूने भिंतीवर कोळशाने संशयितांच्या खुणा काढल्या. त्याला अक्षर येत नसल्यामुळे ती चित्रं होती आणि गावातल्या बायका ती कसली तरी पूजा समजून बाजूने जात. पहिला संशय व्हायब्रेटरवर, कारण तो स्वभावतःच गुणगुणणारा. बॅटरीचा करंट रेडिओच्या कामाचा करण्यासाठी बसवलेला डबीएवढा तुकडा तो. लटारूने त्याला चंदाच्या लहानपणच्या दुपट्यात गुंडाळला. त्याची गुणगुण थांबली, घुंई थांबली नाही. दुसरा संशय बॅटरीवर. लाकडाच्या डेपोवरचा लॉरी ड्रायव्हर इसरू याने आपल्या लॉरीची बॅटरी काढून दिली, त्यामुळे दोन दिवस सरकारी साग जंगलातच राहिला. घुंई कायम. मग एरियलची तार. ती मोहाच्या झाडाला बांधली होती. मोहाची फुलं तारेला चढली असतील असा एक विचार निघाला, म्हणून ती चिंचेला बांधली. घुंई तीच, फक्त थोडी आंबट झाली असं इसरूचं मत पडलं.

सगळ्यात मोठी अडचण परीक्षेची होती. घुंईला गाणारी बाई लागे, आणि नागपूरची बाई दिवसातून दोन-तीनदाच गायची. गुणवंतराव पोस्टात घड्याळाकडे डोळा ठेवून बसत. बाराचे साडेबारा झाले की हातातला शिक्का तसाच टाकून ते लटारूच्या घराकडे निघत, आणि ज्यांच्या पाकिटावर शिक्का अर्धाच उमटला ते लोक नंतर कितीतरी दिवस पत्र कुठून आलं याचा विचार करत.

भैयाजींनी पान जमवत वेगळीच बाजू मांडली. त्यांनी साहेबाला पाहिलं होतं. साहेब ब्रह्मचारी होता. बाईमाणूस बंगल्याच्या पायरीवर आलं तरी तो मागच्या दाराने शिकारीला जाई. घोड्याला जशी मालकाची खोड लागते तशी यंत्रालाही लागत असणार. हे ऐकून लोक हसले. लटारू हसला नाही. त्याने खानसाम्याला जाऊन विचारलं. साहेब फक्त बातम्या ऐकायचा, असं खानसामा म्हणाला, आणि लटारूचा एक पूर्ण दिवस गेला.

आता आपणही काही करावं म्हणून गुणवंतरावांनी शाळेत शिकलेलं शास्त्र बाहेर काढलं. एका सुरावर दुसरं भांडं आपोआप घुमतं, हे त्यांना आठवत होतं. म्हणजे घुंई रेडिओत नाहीच. घरातलं एखादं भांडं घुमत असणार. लटारूला हे फार पटलं. रोज थोडं थोडं घर बाहेर निघू लागलं. आधी पाण्याचे पितळी गुंड, मग थाळ्या, मग पत्र्याची पेटी, मग देव्हारा, मग दाराच्या कड्या. पाचव्या दिवशी घरात रेडिओ आणि मालक एवढेच उरले, आणि सगळा संसार अंगणात लिलावाला काढल्यासारखा मांडला गेला. एका वाटसरूने खरंच थाळीची किंमत विचारली. सुगंधाबाई चिंचेखाली तीन दगडांवर भात शिजवत होती. साडेबारा वाजले, नागपूरची बाई गायली, आणि रिकाम्या घरात घुंई आधीपेक्षा मोठी आली.

सुगंधाबाई म्हणाली, "मास्तर, आता भितीच राह्यल्या जी. त्या काढाव का?"

गुणवंतराव त्या दिवशी चहा न घेता पोस्टात परत गेले.

इकडे लग्नसराईचे दिवस. लटारूकडे दुरुस्तीला आलेल्या बत्त्यांची रांग लागली होती, आणि लटारूचा हात त्यांना लागत नव्हता. एक वरात तर दोन धुरकट कंदिलांवर निघाली, आणि नवरदेवाला मांडवाऐवजी शेजारच्या गोठ्यात उतरवून घेतलं असं लोक सांगतात. लटारूवर याचा परिणाम झाला नाही. रेडिओत जेवढं म्हणून विलायती होतं ते सगळं त्याने तीन-तीनदा उघडलं, पुसलं, आवळलं. विलायती वस्तूवर त्याचा विश्वास उरला नव्हता. रात्री झोपेत तो इंग्रजांना बोलायचा म्हणे. बोलण्यातला फार थोडा भाग इंग्रजांना कळण्यासारखा होता.

सतरा तारखेला त्याने शेवटचा निष्कर्ष काढला. रेडिओच्या लाकडात माश्यांनी घर केलं आहे. बारक्या, जंगलातल्या, लाकडाच्या भोकात राहतात त्या. आणि माश्यांचं झालं तर माणूस एकच, पोचू.

पोचू आरमोरीपासून दीड कोसावरच्या जंगलातल्या गावचा. मध काढण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. बाकीचे लोक माश्या कुठे जातात हे डोळ्यांनी बघत. पोचू झाडाला कान लावी. बुंध्यावर गाल टेकून, डोळे मिटून, कुऱ्हाडीच्या दांड्याने एक टिचकी मारी आणि पोळं किती हात वर आहे, भरलेलं आहे की आताच कोणी चाटून गेलं आहे, ते सांगे. लटारू त्याच्याकडून मेण घेई. नेमका अठरा तारखेला आरमोरीचा बाजार होता. पोचू मध आणि चारोळी घेऊन आला तसा इसरूने त्याला बाजारातून थेट लटारूकडे आणला.

साडेबाराला गाणं सुरू झालं. पोचूने खांद्यावरची कुऱ्हाड भिंतीला टेकवली. रेडिओच्या सागाला तळवा लावला, मग गाल लावला आणि डोळे मिटले. ओसरीवर दहा-बारा माणसं श्वास धरून उभी होती. पोचू गाल न उचलता खाली सरकला, उजवीकडे सरकला, कपाटाला वळसा घालून मागे गेला. तिथे त्याने एक बोट आत घातलं. लटारू ओरडलाच, आत झटका बसेल म्हणून. पोचूने डोळे उघडले नाहीत. घुंई थांबली. बोट काढलं, घुंई आली.

गाणं संपेपर्यंत तो तसाच राहिला. मग उठून त्याने धोतराचा सोगा झटकला.

"माशी नाई यात."

"मंग घुंई कोन करते?" लटारूने विचारलं.

"माशी आपल्या मर्जीनं घुंई करते गा. बाईच्या गान्याची वाट पाहत नाई." पोचूने कपाटाच्या मागे बोट दाखवलं. "पान होय ते. तेंदूचं. वाऱ्यानं सुकलं, एका बाजूनं उचललं. कोनी लावलं होतं?"

ओसरीवरच्या प्रत्येक माणसाने ते पान पाहिलेलं होतं. प्रत्येकाला ते लटारूने स्वतः दाखवलेलं होतं. भैयाजी मोठ्या मनाचे, त्यांनी तोंड फिरवून पिचकारी टाकली. गुणवंतरावांना शाळेतलं शास्त्र आठवलं आणि त्यांनी खाली पाहिलं. साऱ्या विलायतेला तेवीस दिवस आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून लटारूने तपासलं होतं, आणि आपल्या हातच्या पानाला साक्षीलासुद्धा बोलावलं नव्हतं.

"म्याच लावलं," लटारू म्हणाला. त्याचा आवाज बराच खाली आला होता.

"श्रावनात लावलं असन," पोचू म्हणाला. "श्रावनात सारेच पानं मऊ असतात."

मग त्याने कुऱ्हाड उचलली, मधाची तुंबडी उचलली आणि बाजार उठायच्या आत मीठ घ्यायचं आहे म्हणून निघून गेला.

लटारूला लगेच भोंगा उतरवून नवं पान लावायचं होतं. बोल्ट सोडवायचा पाना घेऊन तो वाकलासुद्धा. सुगंधाबाईने पहिल्यांदाच त्याचा हात धरला. लाख वाळायला रात्र जाते, हे तिला माहीत होतं, आणि पान ओढताना कागद फाटला तर बातम्यांनाही मुकावं लागणार होतं. "आता खोलू नोका," ती म्हणाली. "सुकलेल्या पानाचं काय कराचं ते मले मालूम आहे. रोज तेच करतो मी."

तिने विडीच्या पानांवर टाकायचं ओलं फडकं आणलं, पिळलं, एका बोटाला गुंडाळलं आणि मागून हात घालून पानाच्या उचललेल्या कडेवर हळूच फिरवलं. लटारू कपाळाला हात लावून बसला होता. कुठे हात लावायचा नाही तेवढं मात्र तो सांगत राहिला.

संध्याकाळी नागपूर केंद्र सुरू झालं. सहाच्या सुमाराला कोणीतरी बाई गायली आणि आवाज स्वच्छ आला. ओसरीवर, अंगणात, चिंचेखाली अजून तशाच मांडलेल्या संसारात बसलेल्या सगळ्या गावाने मान डोलावली. पण तो चांदा जिल्ह्यातला वैशाख होता. त्या वैशाखात डोक्यावरून घेतलेला ओला पंचा चौकातून घरापर्यंत ओला राहत नाही. दुसरं कडवं सुरू झालं तसं पान वाळलं आणि भुंगा परत आला.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

लटारूने पाण्याची वाटी घेतली आणि स्वतः मागे बसायला निघाला. बत्तीच्या कामात त्याची बोटं भाजून भाजून लाकडासारखी झाली होती. त्याने पानाला हात लावला तो असा की भोंगाच दबला आणि बातम्या देणारा माणूस उशीत तोंड घालून बोलल्यासारखा झाला. सुगंधाबाईने त्याला उठवलं. वीस वर्षं तिने दिवसाला हजार हजार पानांची कड बोटाने दाबली होती. ती कपाटाच्या मागे, भिंतीच्या आणि रेडिओच्या मधल्या हातभर जागेत शिरली. मांडी घालायला जागा नव्हती म्हणून उकिडवी बसली, वाटी पायाशी ठेवली, ओलं बोट आत घातलं आणि तिचा गाल सागाला टेकला, कारण तो दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती.

पुढे सगळं गाव होतं. मागे ती एकटी.

साडेसहाला निवेदकाने मंडळाचं नाव सांगितलं. टाळ वाजले. आणि चंदा गायला लागली.

लटारूने तिला पहिल्या ओळीत ओळखलं ते आवाजावरून नाही. ओळीच्या मध्येच, नको तिथे, ती श्वास घ्यायची. लहानपणी तो यावरून तिला चिडवायचा. नागपूरला जाऊन, रेडिओत बसूनही तिने नको तिथेच श्वास घेतला. लटारूने गुणवंतरावांचा दंड एवढ्या जोराने धरला की त्याचे वळ दोन दिवस राहिले.

सूर चढला. अंगणातली सगळी माणसं भुंग्याची वाट बघत पुढे झुकली. वरच्या सुरावर एकदा, अगदी एकदाच, "घुं" असं काहीतरी सुरू झालं, आणि मागे बोट सरकलं असावं, कारण ते तिथेच विझलं. मग नुसती चंदा. साडेतीन मिनिटं नुसती चंदा, तिचे टाळ, आणि मागून धरणाऱ्या बायका. गुणवंतरावांनी वर्ध्यात पुष्कळ मोठमोठे गाणारे ऐकले होते. त्या दिवशी त्यांना एकाचंही नाव आठवलं नाही.

गौळण संपली. लोक बोलायला लागले, भैयाजींनी पानाचा डबा सगळ्यांपुढे फिरवला. रेडिओवर धानाच्या पऱ्ह्यांना, म्हणजे रोपांना, खत किती द्यावं याचं भाषण सुरू झालं. बोलणारा पुरुष होता आणि त्याला बोटाची काही गरज नव्हती. तरी सुगंधाबाईने बोट काढलं नाही. भाषण संपलं, मग पावसाचा अंदाज झाला, मग बाजारभाव झाले. ती तशीच गाल टेकून बसली होती. लटारू दोनदा मागे डोकावला आणि दोन्ही वेळा परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतरावांनी चंदाला कार्ड लिहिलं. लटारूने मजकूर सांगायला सुरुवात केली ती व्हायब्रेटरपासून. बॅटरी, एरियल आणि साहेबाचं ब्रह्मचर्य येईपर्यंत कार्ड भरत आलं. कडेला बोटभर जागा उरली तेव्हा गुणवंतरावांनी सुगंधाबाईला विचारलं, तुम्हाला काय लिहायचं? ती सूप घेऊन बसली होती.

"लिवा," ती म्हणाली, "तुले सर्दी झाली होती. सुंठ घे."

गुणवंतराव म्हणाले, बाई, आवाज तर स्वच्छ होता, आम्हा कोणालाच सर्दी कळली नाही.

"तुमी कानानं आयकलं जी," सुगंधाबाई म्हणाली. "मले बोटाले समजली."

पंधरा दिवसांनी चंदाचं उत्तर आलं. सर्दी होती, असं तिने लिहिलं होतं. मंडळातल्या बायकांनाही सांगितलं नव्हतं.

आषाढात लटारूने भोंगा उतरवला आणि पानाच्या जागी ढोलकीवाल्याकडून आणलेलं कातडं पातळ करून लावलं. ते बारा महिने सारखं राहिलं. रेडिओ त्यानंतर सहा वर्षं चांगला वाजला.

चंदाला रेडिओवर पुन्हा कधी बोलावलं नाही.